टोळीवाले, एकांडे आणि आमचा विनू

विनू मला शेवटचा दिसला तो पाठमोरा. रविवारची दुपार होती. हैद्राबादेत, बरकतपुऱ्यातल्या त्याच्या घरी जेवून मी परत निघाले होते. एरवी हा माझा धाकटा भाऊ मला रिक्षात बसवायचा, रिक्षावाल्याला माझ्या घराचा पत्ता पुन्हापुन्हा सांगायचा आणि वर "अक्काला सांभाळून न्या हो" असं बजावूनच माघारी वळायचा. त्या दिवशी मात्र तो टीव्हीसमोर उभा राहून, दोन्ही हात हवेत फेकत, पोटच्या पोरीशी भांडत होता. "विनू, निघते रे," म्हटलं तर मानही न वळवता म्हणाला, "हौ अक्का, ये," आणि लगेच मैथिलीकडे, "तू मला सांग, त्या बोकडाशिवाय त्या गोष्टीत जीव तरी आहे का?" मी चपला घालत होते तेव्हा मागून मैथिलीचा आवाज आला, "बाबा, तुम्हाला काहीही कळत नाही. पुढच्या रविवारी दाखवते तुम्हाला." आणि दार आपटून तीही माझ्यामागोमाग जिना उतरली. विनूला पुढचा रविवार मिळाला नाही. बुधवारी सकाळी, दिलसुखनगरला क्लासवर जायला निघताना, बूट घालता घालता त्यानं शैलाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हाक मारली. ती स्वयंपाकघरातून येईपर्यंत त्यानं खुर्चीतच मान टाकली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय.

भेटायला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, "पुण्यवान हो, काही त्रास झाला नाही." मला या वाक्याची भयंकर चीड येते. धडधाकट माणूस साठीच्या उंबरठ्यावर उठून जातो, यात पुण्य कसलं आलंय कप्पाळ! पण हे लिहायला बसले आहे ते रडगाणं गायला नाही. माझ्या भावावर कुणी रडगाणं लिहिलं असतं तर ते त्यानंच पहिल्यांदा दोन ओळी वाचून बाजूला ठेवलं असतं. जन्मभर त्यानं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं, पण मनापासून जीव लावला तो एका व्हिडिओ गेमवर, आणि त्याहून जास्त त्या गेमवरून होणाऱ्या भांडणांवर. ते सांगितल्याशिवाय विनू सांगून होणार नाही.

तर आधी बोकड कोण ते सांगते. 'ऑरिन्डेल' म्हणून एक गेम आहे. ऑरिन्डेल हा एक काल्पनिक मुलूख. त्यात पडके किल्ले, दलदली, आग ओकणारे साप, बर्फात राहणाऱ्या चेटकिणी, आणि या सगळ्यांतून हरवलेला राजमुकुट शोधायला निघालेला एक तरुण. त्याच्यासोबत तिघं: तलवार चालवणारी एक पोरगी, एक विसराळू म्हातारा वैद्य आणि एक बोलणारा बोकड. हा बोकड महाआगाऊ. संकट आलं की सगळ्यांत आधी हा पळणार आणि सगळ्यांत आधी हाच परत येणार. गेल्या कितीतरी वर्षांत या गेमचे पाच भाग निघाले आणि जगभर त्याचे वेडे भक्त तयार झाले. आमचा विनू पहिल्या भागापासूनचा. पहिल्या चार भागांत अशी रीत होती की संकट समोर आलं की खेळ थांबायचा. साप तोंड वासून उभा, पण तो वाट बघणार. तेवढ्यात चौघांपैकी प्रत्येकानं काय करायचं ते आपण ठरवायचं. पोरीनं वार करायचा की ढाल धरायची, वैद्यानं औषध कुणाला द्यायचं, बोकडानं शिंग कुणाला मारायचं... सगळं विचार करून. विनू त्या थांबलेल्या सापासमोर निवांत चहा प्यायचा, पेपर चाळायचा. एकदा तर सापाला तसाच तिष्ठत ठेवून हा मला उतरवून घ्यायला काचीगुडा स्टेशनवर आला होता. "घाई नाही अक्का, तो कुठं जातोय," म्हणाला. मला आधी वाटलं शैलाचा कुणी पाहुणा घरी बसलाय.

त्याची रविवारची बैठक सुरू झाली ती इमरानमुळं. इमरान हा त्याचा अगदी सुरुवातीच्या काळातला विद्यार्थी. आज आबिड्सला त्याचं चष्म्याचं दुकान आहे, डोक्यावरचे केस निम्मे गेलेत, पण विनूसमोर शेवटपर्यंत मांडी घालून खालीच बसायचा. शंका विचारायला म्हणून रविवारी घरी आला, टीव्हीवर साप बघितला आणि शंका विसरला. मग त्यानं दोघांना आणलं, त्या दोघांनी चौघांना. विनूच्या घरची पद्धत वेगळीच होती. बटणांचा डबा एकच, पण खेळायचं चौघांनी. एकेका पात्राचा निर्णय एकेकानं घ्यायचा आणि तो का घेतला ते बाकीच्यांना पटवून द्यायचं. पटलं नाही तर बटण दाबायचं नाही. त्यामुळं एका सापाला मारायला पोह्यांचं ताट संपून उस्मानिया बिस्किटांचा पुडा फुटायचा. विनू कायम वैद्य व्हायचा, इमरान तलवारवाली पोरगी, तरुण ज्याच्या वाट्याला येईल त्याचा, आणि बोकड मैथिलीचा. तिला शाळेत घालायच्या आधीपासून बोकड तिचाच. बापाच्या मांडीवर बसून, "याला शिंग मार, याला नको, हा बिचारा आहे," असं ती सांगायची आणि दाढीमिशा आलेली बाप्ये मंडळी ऐकायची. घरात ती दूधसुद्धा बोकडाच्या आवाजात मागायची.

मी कधी खेळले नाही. मी शाळेत भूगोल शिकवला आणि मला त्या खेळाच्या नकाशाचाच राग होता. पहिल्याच भागात एक नदी दरीतून निघून डोंगर चढून जाते! मी ते बघून म्हणाले, "विनू, ज्या देशात पाणी चढणीला लागतं त्या देशाचा राजमुकुट सापडून तरी उपयोग काय?" हे वाक्य त्यानं आयुष्यभर वापरलं. नवा माणूस बैठकीला आला की त्याला आधी ती नदी दाखवायचा आणि म्हणायचा, "ही आमच्या अक्काची नदी. हिच्यावर शंका घेणारी पहिली बाई." आपल्या आवडत्या गोष्टीला कुणी नावं ठेवली की माणसं चिडतात. हा खूश व्हायचा. समोरच्यानं नीट बघून नावं ठेवलीत, याचंच त्याला कौतुक.

नीट बघून, हे मात्र महत्त्वाचं. ते आमच्या आईकडून आलं. आम्ही मूळचे नांदेडकडचे शेतकरी, निजामाच्या काळात आजोबा इकडं नोकरीला आले. गाव सुटलं तरी आईची शिस्त गावचीच. ताटात कारलं वाढलं की नाक मुरडायचं नाही. आधी सगळं संपवायचं, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या, ती ऐकून घ्यायची, वर "पुढच्या खेपेला गूळ जास्त घालते" म्हणायची. पण अर्धं खाऊन तोंड वाकडं केलं तर पाठीत धपाटा. विनूनं तोच कायदा बैठकीला लावला. जो भाग पूर्ण खेळला नाही त्याला नावं ठेवायची नाहीत. आणि स्तुतीलाही तोच नियम. इंटरनेटवर लाखो लोक न खेळताच एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते तेव्हा बरकतपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये माझ्या आईच्या कारल्याचं राज्य चालू होतं.

मग पाचवा भाग आला आणि सगळं बिनसलं. त्या कंपनीला काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी टोळीच काढून टाकली. पोरगी नाही, वैद्य नाही, बोकड नाही. नुसता तो तरुण, एकटा, आणि त्याच्यापुढं पसरलेला अफाट मुलूख. जिकडं जायचं तिकडं जा, कुणी अडवत नाही, कुणी सांगतही नाही. आणि साप थांबायचा बंद झाला. तुम्ही विचार करत बसलात की त्यानं गिळलंच. निम्मं जग म्हणालं, शाब्बास, इतक्या वर्षांनी मोकळा श्वास घेतला. उरलेलं निम्मं म्हणालं, आमच्या ऑरिन्डेलचा मुडदा पाडला. विनूच्या हॉलमध्ये पण सरळ दोन तट पडले. एक टोळीवाले, दुसरे एकांडे. ही नावं मैथिलीनंच ठेवली. आणि ती स्वतः एकांड्यांची पुढारी! ज्या पोरीनं बोकडाच्या आवाजात दूध मागितलं ती म्हणू लागली, "बाबा, चौघांनी चर्चा करून पाऊल टाकायचं, हे काय जगणं आहे? मला एकटीला डोंगरावर चढून पलीकडं काय आहे ते बघायचंय." तेव्हा तिला नुकतीच नोकरी लागली होती आणि ती गच्चीबावलीला मैत्रिणींसोबत राहायला जायचं म्हणत होती. विनूला त्यातलं कुठलं ऐकू गेलं आणि कुठलं नाही, देव जाणे. तो म्हणाला, "जा ना, नक्को कोण म्हणतंय? पण बोकडाला घरी ठेवून कशाला जायचं?"

मला कुणी विचारलं नव्हतं तरी मी माझं मत दिलं. पाचव्या भागातल्या सगळ्या नद्या उताराकडं वाहतात, गाळ साठतो तिथं त्रिभुज प्रदेश आहेत, वाऱ्याच्या बाजूला पाऊस जास्त. मी म्हटलं, भूगोल सुधारलाय, मी एकांड्यांकडून. इमराननं कपाळाला हात लावला. "क्या अक्का, तुम्ही पण उधरवालेच निघालात!" म्हणाला. पुढं महिनाभर त्यानं मला चष्म्याचा नंबर तपासून घ्या म्हणून चिडवलं.

पण सगळेच काही असे हसत नव्हते. एका रविवारी बोलाचाली फारच वाढली. टोळीवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं की ज्यांना चार माणसांत राहता येत नाही त्यांनाच हा भाग आवडतो. त्यावर एकांड्यांपैकी कुणीतरी म्हणालं की ज्यांना एकट्यानं काही जमत नाही तेच बोकडासाठी रडतात. बस्स. एकांडी पोरं उठली ती गेलीच. त्यांनी मोबाइलवर वेगळा गट काढला आणि दिलसुखनगरला एका कॅफेत जमायला लागली. मैथिली मधल्यामध्ये अडकली. ती तिकडंही जायची आणि इकडंही यायची, आणि दोन्हीकडं तोंड पाडून बसायची. त्या काळात मी एकदा रविवारी गेले तर निम्मा हॉल रिकामा. उरलेले सगळे एकमेकांशी सहमत. अगदी कंटाळवाणं दृश्य हो. एक जण म्हणाला, पाचवा भाग भिकार, बाकीचे म्हणाले, हौ. पुढं बोलायला काही शिल्लकच नाही. विनू उगाच पोह्यांत चमचा फिरवत बसला होता. जाताना मला म्हणाला, "अक्का, माझ्याच बाजूचे लोक असले बोअर आहेत हे मला माहीतच नव्हतं."

पुढच्या रविवारी यानं काय केलं असेल? बैठक बंद ठेवली, चिवड्याचा डबा काखोटीला मारला आणि दिलसुखनगरच्या त्या कॅफेत जाऊन एकांड्यांच्या मधोमध बसला. मैथिलीनं मला नंतर सांगितलं, "आत्या, एवढे मोठे सर, आणि कॅफेत बाहेरचं खायला बंदी. वेटर येऊन उभा." विनूनं वेटरलाच मूठभर चिवडा दिला आणि पोरांना म्हणाला, "मी पाचवा भाग पूर्ण केलेला नाही. म्हणजे आजपर्यंत मी जे बोललो ते सगळं बेकायदा. मी आता तो पुरा खेळणार. संपला की माझ्या घरी येऊन माझ्या शिव्या ऐकायच्या. समोर कुणी ऐकणारा नसेल तर मी कुणाला देऊ?"

आणि खरंच खेळला. साठीकडं झुकलेला माणूस, डाव्या हाताची बोटं संधिवातानं आखडलेली, आणि तो खेळ बोटांच्या चपळाईचा. पहिल्या दलदलीतच तो इतक्या वेळा बुडाला की शैला म्हणाली, आता निदान पोहायला तरी शीक. मैथिली रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट बापाकडं यायची, शेजारी बसायची. मदत करायची नाही असा त्याचा हुकूम होता. ती नुसती बघायची आणि मुठी आवळायची. गच्चीबावलीचं घर तिनं बघून ठेवलं होतं, तेही त्या दिवसांत लांबलं. उन्हाळा गेला, गणपती झाले, नवरात्रातल्या बतुकम्माच्या सणाची फुलं बाजारात आली तेव्हा कुठं विनू शेवटच्या शिखरावर पोचला. मी त्या दिवशी तिथं होते. तो तरुण एकटाच बर्फात उभा होता आणि खाली सगळा मुलूख पसरला होता. विनू हळूच म्हणाला, "सुंदर आहे गं." मैथिली उडालीच. "म्हणजे मानलं ना बाबा?" "सुंदर आहे म्हणालो. बरोबर आहे असं कुठं म्हणालो? इतकं सुंदर दिसल्यावर शेजारी वळून 'अरे बघ' म्हणायला एक बोकड नको?" "मी होते ना शेजारी!" मैथिली म्हणाली. त्यावर विनूनं बटणांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला. पण पुढच्याच रविवारी सगळे एकांडे झाडून आले आणि यानं त्यांना ताजीतवानी, कायदेशीर शिव्यांची अशी काही पंगत वाढली की पोरं हसून लोळली. त्या दिवसापासून बैठकीला कधी फूट पडली नाही. मतं कुणाचीच बदलली नाहीत. मैथिली गच्चीबावलीला राहायला गेली, आणि दर रविवारी भांडायला येत राहिली.

आता सहावा भाग येणार अशी बातमी गेल्या महिन्यात आली. त्यात टोळी परत येणार की नाही, कुणालाच ठाऊक नाही. एका छोट्याशा झलकेत म्हणे बर्फात खुरांचे ठसे दिसतात. ते बोकडाचे, असं विनूचं म्हणणं, रानटी मेंढ्याचे, असं मैथिलीचं. त्या शेवटच्या रविवारचं भांडण त्या ठशांवरूनच होतं. बाकी काही नाही.

पण विनू गेल्यावर मैथिलीच्या मनानं ते भांडण असं काही धरलं की बोलायची सोय नाही. ती एकुलती एक. अग्नी तिनंच दिला. त्या दिवसांत घरात माणसांचा राबता, ती सगळ्यांना पाणी देतेय, कागदपत्रं शोधतेय, आणि मधेच माझा हात धरून कोपऱ्यात नेऊन म्हणतेय, "आत्या, 'तुम्हाला काहीही कळत नाही.' हे मी बाबांना शेवटचं बोलले. हेच." मी तिला सांगितलं, अगं, तो खुशीत होता, मी डोळ्यांनी पाहिलंय, तुझ्यासारखं भांडणारं दुसरं कुणी त्याला आयुष्यात भेटलं नाही. ती मान हलवायची, पण तिला पटायचं नाही. "तुम्ही पाठ बघितली त्यांची. चेहरा कुठं बघितला?" म्हणाली. माझंही काळीज त्यावर लटकलेलंच होतं. विनूचा चेहरा मलाही दिसला नव्हता.

दहाव्याला आम्ही मुसी नदीकाठच्या घाटावर गेलो. आमच्यात पूर्वी बायका घाटावर जात नसत, पण क्रियेला पोरगीच बसणार म्हटल्यावर मी कुणाच्या बापाचं ऐकणार होते? शैला, मी, नांदेडहून आलेले आमचे चुलते दत्ताकाका, आणि बैठकीची आठ-दहा मंडळी, दोन्हीकडची. इमरान जरा मागं, कडुनिंबाखाली उभा होता. गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही सगळे बाजूला झालो. हैद्राबादेत कबुतरं मणानं मिळतील, कावळा शोधावा लागतो. तरी एक आला. भिंतीवर बसला, मान तिरपी करून पिंडाकडं बघितलं, आणि तिथंच बसला. शिवेना. ऊन चढायला लागलं. गुरुजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिली असेल. बोला, आश्वासन द्या."

मग सुरू झालं. दत्ताकाकांनी हात जोडून सांगितलं, विनायका, शैलाला काही कमी पडू देणार नाही. कावळा ढिम्म. शैला म्हणाली, क्लासच्या पोरांची परीक्षेपर्यंतची सोय लागली आहे, काळजी करू नका. कावळ्यानं पंख साफ केले. मी म्हटलं, विनू, मी आहे रे या दोघींना. कावळा माझ्याकडं ढुंकूनही बघेना. तेव्हा दत्ताकाका वळले ते थेट मैथिलीकडं. त्यांनी घरात भांडणाची गोष्ट ऐकली होती. म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाची एकच इच्छा राहिलीय, सगळ्या घराला ठाऊक आहे. म्हण की बाबा, तुमचंच खरं, तुमचाच खेळ चांगला, माझं चुकलं. एवढं म्हटलं की झालं. आता कशाला हट्ट?" आजूबाजूचे दोघंतिघं म्हणाले, हो हो, म्हणून टाक. मैथिलीचा चेहरा पांढराफटक पडला. मला दिसत होतं, ती ते म्हणणार होती. बापाचा आत्मा अडकलाय म्हटल्यावर कुठली पोरगी म्हणणार नाही? तिनं हात जोडले, ओठ हलले... मला वाटलं, हिनं हे म्हटलं तर जन्मभर हिला वाटणार की तो खरंच दुखावून गेला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नक्को मैथिली." इमरान कडुनिंबाखालून पुढं आला होता. टोळीवाल्यांचा सगळ्यांत जुना, सगळ्यांत कट्टर माणूस. डोळे भरलेले, पण आवाज खणखणीत. "झूट नको बोलू सरांसमोर. सरांना तुझ्याकडून असं जिंकायचंच नव्हतं. तू हरलीस तर दर रविवारी सर काय करणार होते?"

मैथिली पिंडाकडं वळली आणि रडत रडत, पण मोठ्यानं म्हणाली, "बाबा, मी नाही म्हणणार. पाचवाच चांगला आहे. आणि ते ठसे मेंढ्याचेच आहेत!"

"मेंढ्याचे?" इमरान डोळे पुसता पुसता थांबला. "मेंढ्याचे कुठून? मेंढ्याचा खूर तसा असतो का?" एकांड्यांमधला एक जण म्हणाला, बर्फात बोकड जगेल तरी का? दुसरा म्हणाला, बोलणारा बोकड जगतो तर थंडीत मरायला काय झालंय? टोळीवाल्यांनी मोबाइल काढून ती झलक लावली. मैथिली म्हणाली, थांबवा, इथं थांबवा, अंतर बघा पावलांमधलं. दत्ताकाका "अरे, ही काय जागा आहे का?" म्हणत मधे पडायला गेले आणि थोड्या वेळानं मी बघते तर तेच चष्मा वर करून मोबाइलमध्ये डोकं घालून सांगत होते, "मी जन्मभर जनावरं पाळलीत, हा शेरडाचाच खूर, बोकडाचाच!" मीही गप्प बसले असेन असं समजू नका. मी म्हटलं, त्या उंचीवर, त्या उतारावर चारा कुठं उगवतो ते आधी सांगा. सगळे एकाच वेळी बोलत होते. शैला पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

गुरुजी बराच वेळ खाकरत होते म्हणे. शेवटी त्यांनी हातातली पळी तांब्यावर वाजवली. "अहो मंडळी... शिवला."

आम्ही सगळे एकदम वळलो. पिंड मधोमध फोडलेला, शितं इकडंतिकडं सांडलेली, आणि कावळा भिंतीवर चोच घासत बसला होता. तो कधी उतरला, कुणाच्या बोलण्यावर उतरला, आमच्यापैकी एकानंही पाहिलं नव्हतं.

मैथिली खाली बसली आणि मनसोक्त रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिथंच बसले. मलाही रडू आलं, पण आत कुठंतरी इतकं बरं वाटत होतं की काय सांगू.

घाटावरून परतताना गाडीत मैथिली आणि इमरान दोघंही होते. अर्ध्या वाटेवर मैथिली नाक पुसत म्हणाली, "माझ्या बोलण्यावर उतरला तो. मी मेंढा म्हणाले तेव्हा." इमराननं मान मागं वळवली. "तेरे मेंढ्यावर? दत्ताकाका शेरडू म्हणाले तेव्हा उतरला!" ते बरकतपुऱ्यापर्यंत थांबले नाहीत. येत्या रविवारी बैठक आहे, दोन्हीकडची मंडळी येणार आहेत आणि विषय ठरलेला आहे. मैथिली आता कोपऱ्यात नेऊन माझा हात धरत नाही. बापाला ती शेवटचं काय बोलली असं कुणी विचारलं तर ती घाटावरचं सांगते.